उतारासाठी गिअर

आवाज गेला. एवढंच झालं. पार्किंगच्या तिसऱ्या मजल्यावरून गोल गोल खाली उतरणारा सिमेंटचा रस्ता, गाड्यांनी घासून घासून काळ्या केलेल्या भिंती, आणि आमची गाडी. मुलगी तिला ‘मोठी काकू’ म्हणते, कारण ती जिथे जाईल तिथे जागा अडवते आणि बसल्या जागी कुरकुरते. तर मोठी काकू नेहमीच्या घोगऱ्या आवाजात कुरकुरत उतरत होती. दुसऱ्या वळणावर खांबामागून एक माणूस सामानाची ट्रॉली ढकलत पुढे आला. माझा नवरा दचकला. आणि आवाज गेला. इंजिन बंद नाही पडलं, कुरकुर नुसती मागे कुठेतरी हलक्या गुणगुणण्यावर आली, आणि गाडी कोणीतरी हात सोडल्यासारखी पुढे घसरली. मग ब्रेक लागला. ट्रॉलीच्या अगदी तोंडाशी बंपर थांबला. ट्रॉलीवाल्याने आधी गाडीकडे पाहिलं, मग आमच्याकडे, मग पुन्हा गाडीकडे, आणि काहीतरी बोलला. काच बंद होती, पण ओठांवरून शिवी ओळखू येते. “डोळे फुटलेत लोकांचे,” नवरा म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, “बघितलंस? धरतच नाही ही. गिअर बदलायलाच हवा.”

मी त्याच्या तोंडाकडे बघत नव्हते. खाली बघत होते. उजवा पाय ब्रेकवर होता, तो तिथेच असायला हवा. डावा क्लचवर. पार तळापर्यंत दाबलेला, करड्या मोज्यातला, बुटाची नाडी सैल सुटलेला डावा पाय.

मी कान तपासते. तेच माझं काम आहे. काचेच्या बंद खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, आवाज आला की दाबा, अगदी बारीक आला तरी दाबा. पुष्कळ लोक आवाज नसतानाही दाबतात. नापास व्हायची भीती, दुसरं काय. मग मी मुद्दाम काहीच आवाज सोडत नाही आणि काचेतून त्यांचा अंगठा बघत बसते. दिवसभर दुसऱ्यांच्या कानांत डोकवायचं: मळ, पू, कापसाचे धागे, एकदा तर मेलेली माशी. किळस येत नाही का, म्हणून सगळे विचारतात. नाही येत, असं मी सांगते, आणि आज सकाळपर्यंत ते खरं होतं. तर अशी मी, आवाज आहे की नाही हे ठरवण्यावर जिचं घर चालतं, गेलं वर्षभर स्वतःबद्दल एक निदान कुरवाळत बसले होते. माणूस फार घाबरला की त्याचे कान बंद होतात. गेल्या वर्षी डोंगरातल्या उतारावर गाडी माझ्या अंगावर आली तेव्हा सगळा आवाज गेला होता. इंजिन नाही, दगड नाहीत, काही नाही, नुसती गाडीच्या तोंडावरची ती लोखंडी जाळी मोठी मोठी होत आली. मी हे बहिणीला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, एका म्हाताऱ्या पेशंटला तर फार समजावून सांगितलं. माझ्या भीतीला मी एक शास्त्र बहाल केलं होतं. आणि आज पार्किंगमध्ये मी घाबरले नव्हते. घाबरायचं ते ट्रॉलीवाल्याने. मी शेजारच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन बसले होते, आणि आवाज गेला, तोच, तसाच, आधी इंजिन मागे सरतं, मग टायरांखालची बारीक खरखर पुढे येते. म्हणजे माझे कान त्या दिवशी ठणठणीत होते. आवाज खरोखरच गेला होता.

गाडी पार्किंगमधून बाहेर आली आणि उन्हात शिरली. तो बोलत होता. गेलं वर्षभर तो बोलतोच आहे. जेवताना फोन पाण्याच्या भांड्याला टेकवून गिअरांचे व्हिडिओ बघतो, त्यातला माणूस तेलातून दातेरी चाकं वर काढतो, काळं मधासारखं तेल ओघळतं, आणि हा घास चावत चावत म्हणतो, काय दात आहेत बघ, काय सुंदर दात आहेत. लो-रेंज हा शब्द आमच्या घरात मीठ, साखर, पंखा असल्या शब्दांसारखा झाला आहे. मला तो इतक्या वेळा समजावून सांगितला गेला आहे की मी झोपेतही सांगेन: गाडीच्या मुख्य गिअरांच्या मागे आणखी एक डबा असतो, त्याची वेगळी दांडी असते, ती ओढली की गाडी एकदम हळू आणि एकदम दमदार होते, इंजिन जोरजोरात फिरतं आणि चाक सावकाश. उतारावर त्याचाच उपयोग. पहिल्यात टाकायची, पाय बाजूला ठेवायचे, कशालाही हात लावायचा नाही, इंजिनच गाडीला मागून धरून ठेवतं. म्हाताऱ्या माणसाला जिन्यावरून दंडाला धरून उतरवतात, तसं. आणि क्लच दाबला (हे मात्र मला त्याने कधी समजावलं नाही, ते मी माझ्या छोट्या गाडीत माझं मीच शिकले), की दंडाला धरलेला हात सुटतो. म्हातारा जिन्यावरून सुटा.

खालची बाई. त्या दिवसाचं आठवताना मी स्वतःला नेहमी अशीच दिसते, वरून, गाडीच्या काचेतून, जणू मीच सुकाणू धरून बसले आहे आणि खाली ती उभी आहे. नारिंगी जॅकेट घातलेली, केसांना रुमाल बांधलेली एक जाडसर बाई उतारावर उलटी चालते आहे, दोन्ही हात वर करून बोटांनी खुणा करते आहे, थोडं डावीकडे, अजून, बस, ये. ती फार मन लावून हे करते आहे. तिला वाटतं आहे की तिच्या बोटांवर एवढी मोठी गाडी चालते आहे. मागचं चाक एका दगडावरून निसटतं, गाडी कलते, पुन्हा सरळ होते, तेवढंच, पण आवाज जातो. बाईचे हात वरच राहतात. ती बाजूला होत नाही. गाडी अंगावर आली की माणूस बाजूला उडी मारतो असं आपल्याला वाटतं, पण ती नुसती उभी राहते, अजूनही खुणेचा हात तसाच, थांब थांब म्हणणारा, ऐकणारं कोणी असल्यासारखा. चाकं घसरतात, उजवीकडच्या खडकात टायर रुततो, आणि बंपर तिच्या मांड्यांना येऊन टेकतो. ढकलत नाही, नुसता टेकतो. तापलेल्या बॉनेटवर तिचे दोन्ही तळवे. मग दार उघडतं, नवरा उतरतो, आणि पहिलं वाक्य बोलतो.

पहिलं वाक्य कोणतं होतं? मी वर्षभर त्या वाक्याकडे पाहिलंही नव्हतं. लागलं का, हे नव्हतं. माझं नाव नव्हतं. “गिअरने धरलंच नाही.” हे होतं. मी रस्त्याच्या कडेला बसून ओकले, तो पाठीवरून हात फिरवत होता, आणि हात फिरवता फिरवता मागच्या गाड्यांतल्या मित्रांना ओरडून सांगत होता, अरे गिअरने धरलंच नाही! लगेच. तयार. जसं बटण दाबणारा आवाज यायच्या आधीच दाबतो.

आणि त्याला तर हे वाक्य माहीत होतं. त्याने उभं आयुष्य ते ऐकलं आहे. विम्याच्या कंपनीत ठोकलेल्या गाड्या तपासायला जायचं, लोकांचं ऐकून घ्यायचं आणि कोण खोटं बोलतंय ते ओळखायचं, हीच त्याची नोकरी. रात्री जेवायला बसला की नक्कल करून दाखवायचा: “साहेब, ब्रेक लागलाच नाही हो! साहेब, स्टिअरिंगच अडकलं!” मुलगी हसून हसून लोळायची. “सगळ्या जगाचे ब्रेक फेल,” तो म्हणायचा, “पाय कोणाचाच चुकत नाही.” आम्ही तिघंही हसायचो. आता सिग्नलला गाडी थांबली होती आणि त्याने अंगठा जिभेवर ओला करून आरशावरचा डाग पुसला. तो अंगठा. जीभ. काचेवरचा ओला गोल. मला किळस आली आणि मी खिडकी खाली केली.

“ए.सी. चालू आहे अगं.”

“असू दे.”

“मळमळतंय का? तू ना, काही खात नाहीस सकाळी.”

त्याला माहीत आहे का? सगळा प्रश्न एवढाच होता. माहीत नसेल तर तो नुसता घाबरट आहे, आणि घाबरट माणसाबरोबर राहता येतं, मी राहतेच आहे. घाबरल्यावर पाय कुठे गेला ते पायाच्या मालकाला कळत नाही, मी रोज बघते, अंगठा दाबला हे लोकांना खरंच माहीत नसतं. पण माहीत असेल तर? तर हे वर्ष काय होतं? पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच डोंगरात जायचं ठरलं आहे, तोच उतार, आणि पुढे कोण चालणार याची घरात चर्चाही झालेली नाही, कारण त्यात चर्चा करण्यासारखं काही नाही. पुढे मी चालते. आज गिअर ठरवायचा, पुढच्या आठवड्यात बसवायचा आणि निघायचं. म्हणजे त्याला माहीत असेल, तर हा माणूस मला पुन्हा त्याच पायासमोर उभं करायला निघाला होता.

गॅरेजच्या मालकाला सगळे डॉक्टर म्हणतात. तो पांढरा कोट घालतो, दर दोन मिनिटांनी बाटलीतलं काहीतरी हातावर चोळतो, आणि त्याची नखं माझ्यापेक्षा स्वच्छ आहेत. भिंतीला काचेचं कपाट, त्यात गिअरांचे जोड मांडलेले, पितळी खेळण्यांसारखे, खाली हिरवं मखमली कापड. पण वास लपत नाही. गिअरच्या तेलाला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, त्यात थोडा लसूण, थोडं जळलेलं रबर, आणि तो वास कपड्यांवर बसला की धुऊनही जात नाही. आमच्या घरच्या टॉवेलला आता तो वास येतो.

“या साहेब, या वहिनी. आज तरी ठरवायचं ना? गेल्या खेपेला नुसता माझा चहा पिऊन गेलात.”

मी याची वहिनी कधी झाले कोण जाणे. या गाडीपायी मला मिळालेले दीर मोजायचे म्हटले तर दिवस पुरणार नाही.

“आज फायनल,” नवरा म्हणाला. “चारचा बसवून टाका.”

“थांबा, थांबा. आपली पद्धत ठरलेली आहे.” डॉक्टर स्टूल ओढून समोर बसला, गुडघ्याला गुडघे लागतील इतका जवळ. “मी कुठे फिरायला जाता ते विचारत नाही. सगळे जण सगळीकडे जातात. कुठे घाबरलात ते सांगा. त्यावर गिअर ठरतो.”

नवऱ्याने सांगितलं. तो छान सांगतो, सरावाने. गोष्ट वर्षभरात पुष्कळ सुधारली होती. उतार जास्त उभा झाला होता, दगड जास्त सैल झाले होते, आणि मी ‘अगदी समोर’ होते, ही एक गोष्ट मात्र होती तशीच राहिली होती, कारण तिला सुधारायला जागा नव्हती. गाडी पहिल्यात होती, लो-रेंजमध्ये होती, आणि तरी धावली. “एवढं वजन झेपलंच नाही हो त्या गिअरला.”

डॉक्टरने हातावर बाटली पिळली. “क्लचवर पाय तर—”

“छे हो!”

प्रश्न पुरा झाला नव्हता. मी काचेपलीकडून अंगठा बघावा तसा त्याचा गळा बघत होते. गाठ वर गेली, खाली आली. “काय बोलता डॉक्टर. आयुष्य गेलं माझं याच धंद्यात.”

“नाही, विचारून ठेवलेलं बरं,” डॉक्टर म्हणाला आणि कपाटाकडे गेला. तो गिऱ्हाईकाला दुखवणाऱ्यांतला नव्हता. त्याने दोन जोड काढून टेबलावर ठेवले. “हे बघा. सध्या तुमच्यात अडीचचा आहे. म्हणजे दांडी ओढली की चाकाच्या एका फेऱ्याला इंजिन नेहमीपेक्षा अडीचपट फिरणार. कंपनीने दिला तेव्हा पुरेसा होता. पण तुम्ही टायर मोठे घातलेत, तिथेच त्यातला थोडा खाल्लात. वर टपावर तंबू, मागे पाण्याची टाकी, फ्रिज, दुसरी बॅटरी, दोन जादा चाकं, वहिनींचं सामान—”

“माझी एक बॅग असते.”

“तेच हो वहिनी, सगळं मिळून म्हणतोय. साडेतीन टनांचा संसार झालाय तो. आता हा तीनचा. चालत्या माणसाइतकी हळू उतरेल. आणि हा चारचा. हा घातलात तर मुंगीला वाट देत उतरेल. पण वाळूत, चिखलात याचा त्रास. चाकाला वेगच मिळत नाही, रुतली की रुतली. सारखी दांडी मागेपुढे करत बसायचं. शिवाय खाली जोर एवढा येतो की मागच्या चाकांचे दांडे तुटू शकतात.”

“चालेल. चारचाच,” नवरा म्हणाला. मग त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. गरम, जरा ओलसर. “हिच्यासाठी. हिला पुन्हा तसं व्हायला नको.”

माझ्यासाठी. तो हात उचलून टेबलावर ठेवावा, त्या दोन जोडांच्या शेजारी, असं मला वाटलं. आमच्या लग्नात पुष्कळ गोष्टी माझ्यासाठी आल्या आहेत: तंबू माझ्यासाठी, कारण मला हॉटेलच्या चादरी आवडत नाहीत, फ्रिज माझ्यासाठी, कारण मला गार पाणी लागतं, आणि त्या सगळ्यांच्या वजनासाठी आता गिअर, तोही माझ्यासाठी. मी एवढी जड कधी झाले? आणि तरी, हात खांद्यावर असताना, मी मान हलवली. सवयीने. माझं अंग माझ्या आधी होकार देऊन मोकळं झालं, आणि मला स्वतःचीही किळस आली, मानेच्या त्या लाचार हाडाची.

गॅरेजच्या मागे डॉक्टरने एक सिमेंटचा उतार बांधून घेतला आहे, दुमजली घराएवढा उंच, तेलाच्या डागांनी काळा. तिथे त्याची जुनी गाडी उभी असते, आमच्याच जातीची, चारचा बसवलेली. गिऱ्हाईकाने एकदा उतरून बघायचं, मग ठरवायचं. “साहेब, या, बसा. आणि वहिनी, तुम्ही पुढे उभ्या राहा, नेहमीसारख्या. म्हणजे भीती जाईल तुमची.”

“मी चालवते,” मी म्हणाले. “तो पुढे चालेल.”

दोघंही हसले. मी आधीच चढले होते. सीट मागे होती, ती खडखड करत पुढे ओढली. आत फोम कुजल्याचा वास, सुकाणूवर दुसऱ्यांच्या घामाचा चिकट थर. डॉक्टर पायरीवर उभा राहून सांगू लागला: दांडी मागे, पहिला, आता हळूच सोडा, आणि मग दोन्ही पाय जमिनीवर, सपाट, विसरून जायचं पाय आहेत म्हणून. “अगं जमेल ना?” नवरा म्हणाला आणि उताराच्या डोक्याशी जाऊन उभा राहिला. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, डॉक्टरकडे बघून हसला आणि गाडीकडे चक्क पाठ केली. “मी असाच चालतो. एवढा विश्वास आहे आपला गिअरवर.”

निघाले. इंजिन भोकाड पसरल्यासारखं ओरडत होतं आणि गाडी हलत आहे की नाही ते कळत नव्हतं. नाक खाली झुकलं, मी पट्ट्यावर लोंबकळले, आणि तरी काहीच झालं नाही, आम्ही नुसते एका जागी खूप आवाज करत होतो. असं उतरायचं? इतकं संथ? त्या संथपणातही काहीतरी ओंगळ होतं, ओल्या भिंतीवरून सरकणाऱ्या गोगलगायीसारखं. समोर त्याची पाठ. शर्ट मध्ये घामाने चिकटलेला. मानेवर न्हाव्याने सोडलेले चार केस. डोक्यावरचा विरळ भाग, जो त्याला स्वतःला कधीच दिसत नाही आणि म्हणून नाही असं तो समजतो. मी या पाठीमागून किती चालले आहे! बाजारात, दवाखान्यात, स्मशानात, त्याच्या आईच्या वेळी. ती गरीब पाठ आहे. तिने मला काही केलेलं नाही. पाय जमिनीवर होते, सपाट. विसरून जायचं पाय आहेत म्हणून. पण मला पायाशिवाय दुसरं काही आठवत नव्हतं. डावा. तो माझ्या अंगाला जोडलेला आहे असं वाटेनासं झालं, बाहेरून कोणीतरी आणून ठेवल्यासारखा तो तिथे होता, आणि तो उचलला गेला, क्लचवर टेकला.

दाबला.

आवाज गेला. आणि गाडी अजून नीट सुटलीही नव्हती, मी उजव्या पायाने ब्रेक दाबतच होते, तेवढ्यात समोरची पाठ बाजूला उडाली. मागे न बघता. एक क्षणही न बघता. खांद्याने भिंतीवर जाऊन आदळला आणि तिथेच चिकटून राहिला, दोन्ही तळवे सिमेंटवर, तोंड भिंतीकडे. गाडी हातभर घसरली आणि थांबली.

ज्याला काही माहीत नसतं तो आधी वळून बघतो. काय झालं, आवाज का गेला, म्हणून. खालची बाई तशीच उभी राहिली होती, हात वर करून, कारण त्या शांततेचा अर्थ तिला माहीत नव्हता. त्याला माहीत होता. वर्षभर माहीत होता, जेवताना, माझ्या पाठीवरून हात फिरवताना, दातांचं कौतुक करताना.

आणि मला बरं वाटलं. तेही सांगायला हवं. तो भिंतीला चिकटलेला बघून माझ्या पोटात काहीतरी गोड पसरलं, आणि त्या गोडव्याने मला त्या तेलाच्या वासापेक्षा जास्त मळमळलं. एक हातभर. माणूस दुसऱ्याच्या अंगावर गाडी सोडतो ते एवढ्या अंतरात, आणि त्यात मीही राहते तर.

डॉक्टर हसत हसत खाली आला. “दाबलात ना वहिनी क्लच? मला माहीतच होतं. बायका हमखास दाबतात. घाबरल्या की दोन्ही पाय.”

नवरा भिंतीपासून सुटला. शर्टाची बाही झटकली. माझ्याकडे बघितलं नाही. माझाही पाय गेला होता, एवढंच त्याने म्हणायला हवं होतं, गप्प बसला असता तरी चाललं असतं. तो हसला. “सवय नाही तिला,” तो म्हणाला. “एकदा समजावून सांगितलं की करते बरोबर.”

“अहो मग सांगा की!”

“सांगतो घरी.”

मी गाडी उलटी टाकून पुन्हा वर नेली. उताराच्या डोक्याशी थांबवली. इंजिन चालूच ठेवलं. “पुन्हा एकदा,” मी खिडकीतून ओरडले. “ये, उभा राहा पुढे.”

“आता कशाला? कळलं ना चारचा कसा आहे ते.”

“उभे राहा ना साहेब,” डॉक्टर म्हणाला. “वहिनींचा धीर वाढेल. आता नाही दाबणार त्या.”

तो उभा राहिला नाही. वर चढून आला, पण भिंतीच्या कडेकडेने, गाडीच्या नाकासमोरून नाही, आणि खिडकीपाशी आला. चेहरा ओला होता. बरगड्या हलत होत्या. “अगं,” तो म्हणाला, आणि मग इंजिनाच्या आवाजाखाली सरकवल्यासारखं, ओठ न हलवता, “त्या दिवशी माझाही... म्हणजे पाय माझाच गेला होता. पण त्या वेळी मला—”

“मला नको सांगू.”

“अगं ऐक तरी—”

“डॉक्टरांना सांग. गिअर ते ठरवणार आहेत.”

तो तसाच उभा राहिला. खिडकीच्या कडेवर त्याची बोटं होती, आणि मी काच वर करायचं बटण शोधत होते, पण त्या गाडीत हाताने फिरवायची दांडी होती. मी ती फिरवायला लागले. हळूहळू काच वर आली, बोटं निघाली. मग तो खाली गेला. मी समोरच्या काचेतून बघत होते. डॉक्टरच्या पुढ्यात जाऊन तो उभा राहिला, मान खाली, एक पाय दुसऱ्या पायामागे घेतलेला, शाळेतल्या पोरासारखा. बाजूने त्याचे ओठ हलताना दिसले. ऐकू येत नव्हतं, पण मी ओठ वाचते, त्याचं मला शिक्षण मिळालेलं आहे. त्याने सांगितलं. खरं सांगितलं. मी वाट बघितली, काहीतरी होईल, कोणाचा तरी चेहरा पडेल.

डॉक्टरने त्याच्या दंडावर थाप मारली. काच खाली केली तेव्हा त्याचं वाक्य अर्धं हवेत होतं: “...होतं हो असं! कोणालाही होतं. एवढ्या वजनाला माणूस तरी काय करणार. मनाला लावून घेऊ नका.” मग मान वर करून, मोठ्याने, “वहिनी, मग असं करू, चारचा राहू दे. तीनचाही पुरेल. साहेब, काय म्हणता?”

“तीनचा बसवा,” मी म्हणाले. “ती गाडी यापुढे मी चालवणार.”

“ते घरी ठरवा तुम्ही निवांत. साहेब?”

साहेबांनी बाही पुन्हा झटकली. त्यांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं होतं, ते मला इथूनही दिसत होतं. रंग परत आला होता. दोघं उताराच्या पायथ्याशी, बरोबर मध्यभागी, आता माझ्याकडे पाठ करून उभे होते. नवऱ्याचे हात हलायला लागले होते. एका पंजाने दगड करून, दुसऱ्या पंजाने चाक करून तो दाखवत होता, कसं निसटलं, कशी कलली, आणि आता त्यात पायही आला होता, तो गुडघा वर उचलून दाखवत होता, असा, असा गेला! डॉक्टर हसत होता. गोष्ट सुधारत होती. पुढच्या महिन्यात डोंगरात शेकोटीभोवती ती सांगितली जाईल, पायासकट, आणि सगळे दीर हसतील, आणि त्या बाईचं काय झालं ते गोष्टीत तसंच राहील, अगदी समोर.

मी पहिला टाकला. दोन्ही पाय जमिनीवर ठेवले. गाडी ओरडायला लागली आणि नाक खाली झुकलं. त्यांनी मागे वळून बघितलं नाही, एवढा आवाज येत असूनही. मी तळहात हॉर्नवर ठेवला आणि दाबला, आणि ते दोघं दोन बाजूंना होईपर्यंत काढला नाही.